उजवीकडे वळ

“...आणि डावीकडे वळ असं का नाही म्हणालो मी, सर?”

खर्डेकर सर चुलीत लाकूड सारत होते.

“सरळ वर जा, असंही म्हणता आलं असतं. तीन शब्द. मी दोनच बोललो.”

बाहेर दुसऱ्या दिवशीही बर्फ पडत होतं. वर तळावर विमानं झाकून ठेवलेली होती. लढाईचा तिसरा आठवडा चालू होता आणि दोन दिवस कोणीच उडू शकलं नव्हतं. म्हणून स्क्वाड्रन लीडर अच्युत बेहेरेला एक दिवसाची मोकळीक मिळाली होती. चाकांना साखळ्या बांधून, चार तास जीप चालवून तो खालच्या या खेड्यात आला होता.

खेड्यात त्याचे गुरू राहत होते.

ग्रुप कॅप्टन खर्डेकर निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. बायको वारल्यावर ते पुण्याला परतले नाहीत. दोन खोल्या आणि जर्दाळूची सतरा झाडं, एवढ्यावर राहिले. त्याआधीची वीस वर्षं त्यांनी वैमानिकांना एकच गोष्ट शिकवली होती. डोळ्यांना काही दिसत नसताना विमान कसं चालवायचं.

अच्युत त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. हे सर कधी म्हणाले नव्हते. अच्युत म्हणायचा.

“पहिल्यापासून सांग,” सर म्हणाले.

“सांगितलं की.”

“शेवट सांगितलास.”

अच्युतनं पेला खाली ठेवला.

“नेगी माझा जोडीदार होता. फ्लाइंग ऑफिसर दिवान सिंग नेगी. तेवीस वर्षांचा. गढवालचा, पहाडातलाच पोर. लढाईच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी आम्ही दोघं विमानाकडे चालत होतो. तो ढगांकडे बघून म्हणाला, ‘सर, आमच्याकडे असे ढग दरीत बसले की संध्याकाळपर्यंत उठत नाहीत.’”

“मग?”

“मी म्हणालो, ‘त्यांना बसू दे. आपण त्यांच्या खालून जाऊ.’ ...तो हसला.”

“जायलाच हवं होतं?”

“आपली एक चौकी होती वर. पलीकडच्या तोफा तिला दोन दिवस भाजत होत्या. बत्तीस माणसं अडकली होती. वायरलेसवर ते काही मागत नव्हते, सर. नुसते नमस्कार सांगत होते. घरच्यांना.”

सरांनी चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

“आम्ही गेलो. दरीतून, नदी धरून. ढगाचं छत डोक्यावर, इतकं खाली की उतारांवरच्या झाडांची टोकं त्यात शिरलेली. काचेवर बर्फाचा थर धरायला लागला होता. तोफा सापडल्या. पहिल्या फेरीत मी मारल्या, दुसरीत त्यानं. त्याचा नेम माझ्यापेक्षा चांगला लागला. परत वळलो... तर दरीचं तोंड बंद.”

“ढगानं.”

“ढगानं. वर जाण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी म्हणालो, ‘माझ्या पंखाला चिकट.’ तो चिकटला. उजव्या हाताला.”

ढगात जोडीनं उडताना मागचा वैमानिक आपल्या यंत्रांकडे बघत नाही. तो पुढच्याच्या पंखाच्या टोकावरचा दिवा बघतो. दिवा जिकडे जाईल तिकडे तो जातो. वर आहोत की खाली, आडवे आहोत की तिरके, त्याला माहीत नसतं. ते पुढच्यानं बघायचं असतं.

“दीड मिनिट तो माझ्याबरोबर होता,” अच्युत म्हणाला. “मग त्याचा आवाज आला. ‘सर, तुमचा दिवा दिसेना.’ अगदी शांत. वर्गात धडा वाचावा तसा.”

“आणि तू...”

“मी म्हणालो, ‘उजवीकडे वळ.’”

चुलीतलं ओलं लाकूड फुसफुसलं.

“तो म्हणाला, ‘वळतो, सर.’ ...आणि मग मला आठवलं की तिथं नदी डावीकडे वाकते. उजवीकडचा डोंगर पुढे आलेला आहे. मी सकाळीच नकाशावर त्यावर लाल पेन्सिल फिरवली होती. मी ओरडलो. दोनदा ओरडलो.”

“मग?”

“मग काही नाही. नुसती खरखर.”

अच्युत उठला. खोली लहान होती, तरी तो तिच्यात येरझाऱ्या घालू लागला. त्याचा आवाज बदलला होता.

“हे दोन शब्द माझे नव्हते, सर. तुमचे होते.”

सरांनी वर पाहिलं.

“तुम्ही शिकवलंत. पहिल्या महिन्यात. ‘दिवा दिसेनासा झाला की बाहेरच्या अंगाला, पुढच्यापासून दूर वळायचं. विचार करत बसायचं नाही. विचार कराल तर दोघंही मराल.’ शंभर वेळा घोकून घेतलंत. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी हेच म्हणालो असतो. तसंच झालं. मी विचार केलाच नाही.”

“हो,” सर म्हणाले. “मी शिकवलं.”

“ते सपाट मैदान होतं! आपल्या शाळेपासून शंभर मैलांत टेकडी नव्हती. दरीत काय करायचं, हे तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“नाही बोललो.”

“का?”

“सुचलं नाही.”

अच्युत थांबला. तो भांडायला आला होता आणि समोर भांडायला कोणी उरलं नव्हतं.

“दाखव मला,” सर म्हणाले.

“काय?”

“कसे होतात तुम्ही. हातांनी.”

वैमानिक बोलतात ते हातांनी. दोन पंजे म्हणजे दोन विमानं. मेसमध्ये, धावपट्टीच्या कडेला, कुठेही चार जण जमले की पंजे हवेत फिरायला लागतात.

अच्युतनं डावा पंजा वर उचलला. हा मी. उजवा पंजा त्याच्या किंचित मागे, बोटभर खाली. हा नेगी. दोन्ही पंजे हळूहळू वर चढू लागले.

“इथं त्याचा आवाज आला,” तो म्हणाला.

“पुढे.”

डावा पंजा नदीबरोबर डावीकडे वळला. उजवा पंजा उजवीकडे निघाला... आणि हवेत थांबला.

अच्युतला तो पुढेही नेता येईना आणि खालीही घेता येईना. तो त्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसा बघत राहिला.

सर उठले. त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. राख लागलेले, खडबडीत हात. हात सोडला नाही.

किती वेळ गेला, अच्युतला नंतर सांगता आलं नाही. तो तिथंच खाली बसला होता आणि लहान मूल रडतं तसा मोठ्यानं रडत होता. नेगी गेल्यापासून पहिल्यांदाच.

रडणं ओसरल्यावर त्यानं खिशातून एक पाकीट काढलं.

“नेगीच्या वडिलांचं आहे.”

सरांनी चष्मा लावला. पत्र हिंदीत होतं. अक्षर सुबक. नेगीचे वडील गावच्या शाळेत मास्तर होते.

“साहेब,” पत्रात लिहिलं होतं, “सरकारी कागद मिळाला. त्यात आहे की दिवान तुमच्या विमानाजवळ राहू शकला नाही. गावातले लोक म्हणतात की पहाडात जन्मला आणि पहाड ओळखता आला नाही. तुम्ही त्याच्याबरोबर होता. माझ्या मुलानं काही चूक केली का? एवढं कळवावं.”

सरांनी पत्र दोनदा वाचलं. पाकीट उलटून बघितलं.

“अहवालात तू काय लिहिलंस?”

“संपर्क तुटला. साथीदार विमान जोडीत राहू शकलं नाही.”

“खरं आहे?”

“खोटं नाही.”

“मी ते विचारलं नाही.”

“आमचं बोलणं कोणाला ऐकू गेलं नव्हतं, सर. मध्ये डोंगर होते. आता मी सोडून कोणालाच माहीत नाही. चौकीतली बत्तीस माणसं जिवंत राहिली. माझं नाव पदकासाठी गेलंय. स्क्वाड्रनमधली पोरं माझ्या मागे डोळे मिटून येतात. ढग उठले की पुन्हा जायचंय. त्यांना आता कळलं की मी...” तो थांबला. “मास्तरांना काय लिहू?”

“तुला काय लिहायचंय?”

“ते कळलं असतं तर चार तास बर्फातून आलो असतो?”

“त्यासाठी नाही आलास,” सर म्हणाले. “चूक माझी, याला मी हो म्हणावं म्हणून आलास. मी म्हणालो. आता जा. अंधार पडायच्या आत पोचशील.”

अच्युत रागानं उठला. टोपी घातली. दारापाशी त्यानं सवयीनं सलाम केला. सरांनी पाठ फिरवून चुलीवरचा हंडा उतरवला.

जीप वळणाआड जाईपर्यंत मात्र ते दारात उभे होते. हे शेजारच्या बाईंनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ढग उठले नाहीत. अच्युत सकाळी कमांडिंग ऑफिसरच्या खोलीत गेला आणि एक कागद टेबलावर ठेवला. त्यात नऊ ओळी होत्या. दरीचं वळण, वेळ, नेगी काय म्हणाला, आपण काय म्हणालो.

कमांडिंग ऑफिसरनं कागद वाचला.

“आत्ताच कशाला, बेहेरे? लढाई संपू दे.”

“लढाई संपेपर्यंत मी नसलो तर, सर?”

“याचे परिणाम ठाऊक आहेत?”

“हो.”

“पोरांना काय सांगू?”

“जे लिहिलंय ते.”

कागद वर गेला. पदकाच्या यादीतून नाव निघालं. उडणं बंद झालं नाही, कारण वैमानिक कमी होते. पण नेतृत्व गेलं. तिसऱ्या दिवशी तळावरचं आकाश मोकळं झालं. पुढे डोंगरांवर ढग होतेच. अच्युत बेहेरे उडाला तो त्याच्याहून आठ वर्षांनी लहान असलेल्या चेरियनच्या मागे, जोडीदार म्हणून. जोडीदाराच्या जागेवर तो दहा वर्षांत बसला नव्हता.

दुसऱ्याच्या दिव्याकडे बघत ढगात शिरणं काय असतं, हे तो विसरला होता. वर कुठं, खाली कुठं, काही कळेना. चेरियन जिवंत ठेवेल या भरवशावर तो चाळीस मिनिटं त्या एका हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिला. उतरल्यावर त्याला विमानातून पायऱ्या उतरता येईनात. मेकॅनिकनं हात दिला.

“बरं वाटत नाही का, साब?”

“वाटतंय,” अच्युत म्हणाला. “नेगीसाब रोज असेच माझ्या मागून यायचे, नाही?”

मेकॅनिकनं त्याचं हेल्मेट हातात घेतलं.

लढाई आणखी बारा दिवस चालली. मग संपली.

मास्तरांना त्यानं पत्र लिहिलं नाही. चार वेळा बसला आणि चारही कागद फाडले. एप्रिलमध्ये वाटेवरचं बर्फ वितळलं तेव्हा रजा घेतली. दोन दिवस बस, मग पाच तास चढण. नेगीचं गाव डोंगराच्या कुशीत होतं. वीस-पंचवीस घरं, पायऱ्यापायऱ्यांची शेतं.

मास्तर अंगणात गहू निवडत बसले होते. गणवेश बघून उठले.

“बेहेरेसाहेब?”

“हो, मास्टरजी.”

“बसा. लांबून आलात.”

अच्युत बसला नाही. वाटेत त्यानं पुष्कळ जुळवाजुळव केली होती. त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही.

“तुमच्या मुलानं चूक केली नाही. मी सांगितलं, उजवीकडे वळ. तो वळला. तिकडे डोंगर होता. मला माहीत असायला हवं होतं. मला माहीत होतं.”

मास्तरांनी हातातलं सूप खाली ठेवलं. आत कोणी बाई होती. तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला.

“तुमच्या आधी एक जण येऊन गेले,” मास्तर म्हणाले.

“कोण?”

“म्हातारे होते. पौषात आले, गुडघाभर बर्फातून. तेव्हा लढाई चालू होती. दम लागून ओसरीवर तासभर पडून होते. मग म्हणाले, ‘तुमच्या मुलाची चूक नव्हती. त्याच्या साहेबाला मी चुकीचं शिकवलं होतं. चूक माझी.’”

आता अच्युत बसला.

“मी त्यांचं खरं मानलं नाही,” मास्तर म्हणाले. “वाटलं, कोणाला तरी वाचवायला आलेत.”

“मला वाचवायला.”

“आता तुम्हीही म्हणता चूक माझी.” मास्तरांनी समोरच्या डोंगराकडे पाहिलं. “साहेब, चूक कोणाची, हे घेऊन मी काय करू? ती तुमच्यातच वाटून घ्या. माझ्या मुलाची नव्हती ना?”

“नव्हती.”

“मग हे चौकात सांगाल? इथं अंगणात नको. तिथं.”

मास्तरांनी स्वतः घरोघर फिरून माणसं बोलावली. देवळापुढच्या पारावर सगळं गाव जमलं. म्हातारे, बाया, शाळेतली मुलं. अच्युत उभा राहिला. गणवेशातच होता.

“दिवान सिंग नेगींना पहाड ओळखता येत होता,” तो म्हणाला. “निघताना त्यांनी मला ढग उठणार नाहीत असं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. नंतर ढगात मी त्यांना उजवीकडे वळायला सांगितलं. त्यांनी ऐकलं.”

मागून एक म्हातारा म्हणाला, “पुन्हा सांगा, साहेब. मला कमी ऐकू येतं.”

अच्युतनं पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

त्या रात्री... नाही, रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. नेगीच्या आईनं त्याला जेवायला वाढलं. भाकरी संपली की दुसरी वाढत होती. सकाळी निघताना तिनं विचारलं, “बर्फ वितळल्यावर त्याचं काही सापडेल?”

“डोंगराच्या त्या बाजूचं वितळत नाही, माँजी.”

तिनं मान हलवली आणि आत गेली.

परतताना तो वाट वाकडी करून सरांच्या खेड्यात उतरला.

जर्दाळूला फुलं येऊन गेली होती. खर्डेकर सर झाडांच्या बुंध्याशी आळं करत होते. हिवाळ्यात आजारी पडले होते, हे त्यांच्याकडे बघूनच कळत होतं. कोट अंगावर लोंबत होता. खोकला जात नव्हता.

“तुम्ही गेला होतात,” अच्युत म्हणाला.

“हो.”

“त्या थंडीत. या वयात.”

“अर्ध्या वाटेपर्यंत बस होती.”

“मला बोलला नाहीत.”

“तुला काय बोलायचं? माझं काम होतं.”

“मास्तरांनी तुमचं खरं मानलं नाही.”

“ठाऊक आहे. जेवायला मात्र घातलं.” सर खोकले. मग कुदळ बाजूला ठेवून मातीतच बसले. “तुझं मानलं?”

“मानलं.”

“मग झालं.”

अच्युतही त्यांच्यासमोर खाली बसला. वरून एक विमान गेलं. दोघांनीही मान वर केली नाही.

“झालं नाही, सर,” तो म्हणाला. “मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं होईल. अहवालात लिहिलं. कमांडिंग ऑफिसरला सांगितलं. सगळ्या गावासमोर सांगितलं, दोनदा. तरी रोज पहाटे जाग येते ती त्याच्या आवाजानंच. ‘वळतो, सर.’ तेवढंच. तितकंच शांत... पहिल्या दिवशी होतं तेवढंच आहे, सर. काडीमात्र कमी झालं नाही.”

सर ऐकत होते.

“तुमचे किती विद्यार्थी गेले, सर?”

सर आळ्यातली माती सारखी करत राहिले.

“तुमचं कमी झालं?”

सरांनी मूठभर माती उचलली. बोटांतून हळूहळू खाली सोडली.

“माझं जाऊ दे,” ते म्हणाले.

“मग माझं सांगा. हे कधी कमी होईल?”

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

“कमी कशाला व्हायला हवं, अच्युत?”